बदामीच्या कातळावरची अक्षरं

बनशंकरी आमच्या घराण्याची कुलदेवी. लग्नानंतरच्या पस्तीस वर्षांत बदामीकडे किती फेऱ्या झाल्या, मोजलेल्या नाहीत. पण दर वेळी तेच. देवीची ओटी भरायची, प्रसाद घ्यायचा आणि गाडी परत बेळगावकडे. देवळापासून पाच किलोमीटरवरचं बदामी गाव बघायचं राहूनच गेलं. यंदाच्या मे महिन्यात आम्ही चौघी मैत्रिणींनी ठरवलं, आधी गाव, मग देवी. "तिकडच्या उन्हात? या दिवसांत?" घरच्यांनी विचारलंच. पण नातवंडं आजोळी गेली की मगच आम्हाला सुट्टी, त्याला काय करणार!

चौघींत एक शेजारच्या अक्का, कन्नड शाळेतून निवृत्त झालेल्या. मी त्यांच्याशी कन्नडमध्ये बोलते, त्या माझ्याशी मराठीत. माझं माहेर चंदगडचं. कन्नड शिकले ते सासरी, कानाने. भाजीवालीशी घासाघीस करण्याइतकं, भांडण्याइतकं सुद्धा येतं. पण वाचता येत नाही. गेल्या वर्षी नातवाने कन्नडची वही पुढे केली, "आजी, हे काय लिहिलंय?" आणि मी "आईला विचार" म्हणून स्वयंपाकघरात निघून गेले. हे कुणालाच सांगितलं नव्हतं.

पहाटे पाचला निघालो. यरगट्टीला चहा घेतला आणि ऊन चढायच्या आत लेण्यांच्या पायऱ्यांशी होतो. दोन लाल डोंगर, मध्ये अगस्त्य तळं आणि त्याच्या काठाने गाव, अशी ही बदामी. जुनं नाव वातापी, चालुक्यांची राजधानी. पहिल्या पुलकेशीने इथे किल्ला बांधला तो इसवी सन 543 मध्ये.

पहिल्या लेण्यातला अठरा हातांचा नटराज बघून आमची नाच शिकवणारी मैत्रीण तिथेच खिळली. हातांच्या जोड्या लावत बसली. माकडांनी तिची पिशवी पळवली नसती तर दुपार तिथेच झाली असती. मला मात्र ओढ तिसऱ्या लेण्याची. शेषावर बसलेला विष्णू आणि खांबांवर, छताखाली कोरलेली जोडपी! हे लेणं 578 साली मंगलेशाने करवलं. त्याचा मोठा लेख संस्कृतात आहे. पण अक्कांनी दाखवला तो बाहेरचा छोटा कन्नड लेख. या देवळासाठी मंगलेशाने गाव दिलं आणि त्यात देवासाठी माळा गुंफणाऱ्यांचाही वाटा ठेवला. लेण्याला त्यात शब्द वापरलाय 'कल्मने'. कल्लु म्हणजे दगड, मने म्हणजे घर. चौदाशे वर्षांपूर्वीचा शब्द, आणि मला समजला!

"वाचा की, अक्का," मी म्हटलं.

अक्का हसल्या. "मला कुठे येतंय हो! ही लिपी वेगळी. आम्ही पुस्तकातून शिकवलं."

तीस वर्षं कन्नड शिकवलेल्या अक्का त्या दगडापुढे माझ्यासारख्याच निरक्षर होत्या. मग मीही नातवाच्या वहीची गोष्ट सांगून टाकली. त्या काही बोलल्या नाहीत. नुसतं "होय?" म्हणाल्या.

दुपारी तळ्याला वळसा घातला. पाणी खाली गेलेलं, हिरवं. पायऱ्यांवर बायका कपडे आपटत होत्या आणि त्याचा आवाज डोंगरावरून परत येत होता. भूतनाथाच्या देवळात घटकाभर टेकलो. मग कप्पे अरभट्टाच्या शिलालेखाकडे. वाट दगडधोंड्यांची. एक मैत्रीण सावली धरून बसली ती बसलीच. लेख साधारण सातशे सालचा, वर कातळावर. त्यातली कन्नड त्रिपदी सर्वांत जुन्या त्रिपद्यांपैकी मानतात. भल्यांशी भला, गोड माणसांशी गोड आणि छळणाऱ्याला न सोडणारा असा तो पुरुष. अक्कांनी ती त्रिपदी तोंडपाठ म्हटली, आणि म्हणताना त्यांचा हात आपोआप गोल फिरायला लागला, जातं ओढल्यासारखा. त्यांची आई याच चालीत दळताना गायची म्हणे. माझी आजी चंदगडला ओवी म्हणायची तेव्हा तिचाही हात असाच फिरायचा. मधे नदी, घाट, आता राज्याची हद्द. पण दोन्हीकडचं पीठ गाण्यावरच पडलं. (सीमाप्रश्नावर आमच्यात गाडीत वाद झाला होताच. तो इथे नको.)

संध्याकाळी बनशंकरी. ओटी भरून बाहेर आलो तर बायका टोपल्यात ज्वारीच्या भाकऱ्या, शेंगाचटणी आणि मडक्यातलं दही घेऊन बसलेल्या. तिथेच झाडाखाली पंगत. इतकी भूक लागली होती की दुसरी भाकरी कधी संपली कळलं नाही. हात धुऊन अक्कांनी काडी उचलली आणि मातीत एक अक्षर काढलं. "हा ब. याला काना दिला की बा." मग द, मग म. बनशंकरीचा ब पुन्हा तोच. बाकीच्या दोघी हसायला लागल्या, "अक्कांची शाळा भरली!" मी गिरवत राहिले.

परतताना रस्त्याकडेला एक पिवळी पाटी उजेडात आली. मी ड्रायव्हरला म्हटलं, "जरा सावकाश घ्या." रा... म... पुढचं जोडाक्षर अडलं. अक्का गप्प. गाडी जवळजवळ थांबलीच होती. मागून ट्रकवाला हॉर्न वाजवत होता.

"दुर्ग," मी म्हटलं. "रामदुर्ग."

"रफार चुकला असता तर खाली उतरवलं असतं," अक्का म्हणाल्या आणि पदर तोंडावर घेऊन झोपून गेल्या.