‘चूक’ म्हणण्याआधीचा कोड

शैक्षणिक तंत्रज्ञान या विषयात पदव्युत्तर शिक्षण घ्यायला येणारे बरेच विद्यार्थी संगणकाच्या वर्गातून नव्हे, शाळेच्या वर्गातून आलेले असतात. कुणी बीएड करून काही वर्षे गणित शिकवलेले असते, कुणी मानसशास्त्राचे पदवीधर असते, तर कुणी भाषा शिकवत असते. मुंबईत एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या जुहू परिसरात या विषयाचा स्वतंत्र विभाग आहे. आयआयटी मुंबईत २०१० पासून यात पीएचडी करता येते. अशा अभ्यासक्रमाच्या वेळापत्रकात ‘वेब प्रोग्रॅमिंग’ हे शब्द दिसले की अनेकांच्या पोटात गोळा येतो. मला प्रोग्रॅमर व्हायचे नाही, मग हे कशाला, असा त्यांचा प्रश्न असतो. प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर पाचवी-सहावीच्या एका गणितात सापडते.

वेबपानावर एक प्रश्न ठेवला आहे असे समजा: १/२ + १/३ = किती? खाली उत्तराची चौकट आणि ‘तपासा’ असे बटण. नवशिक्याचा पहिला कोड दोन-तीन ओळींचा असतो. चौकटीतला मजकूर ५/६ असेल तर ‘बरोबर’, नाहीतर ‘चूक’. पान चालते, बटण दाबले की अक्षरे उमटतात आणि विद्यार्थ्याला आनंद होतो. मग हे पान मराठी शाळेतल्या मुलांपुढे ठेवायचे. एक मुलगी १०/१२ लिहिते. उत्तर बरोबर आहे, पण पान म्हणते ‘चूक’, कारण कोड संख्या तपासतच नाही, अक्षरे ताडून पाहतो. दुसरा मुलगा मराठी कळफलकावरून देवनागरी आकड्यांत ५/६ लिहितो, तेही ‘चूक’, कारण कोडमध्ये इंग्रजी आकडे आहेत. ते देवनागरी आकडे जावास्क्रिप्टच्या नेहमीच्या फंक्शनला देऊन संख्या करायला सांगितले, तर ‘ही संख्याच नाही’ असा निकाल मिळतो. उपाय अवघड नाही. युनिकोडमध्ये ० ते ९ हे देवनागरी आकडे सलग क्रमांकांवर बसलेले आहेत, त्यामुळे ते इंग्रजी आकड्यांत बदलणारे फंक्शन एक-दोन ओळींत लिहिता येते. पण ते लिहायला हवे हे सुचण्यासाठी मराठी शाळेतले मूल डोळ्यांपुढे असावे लागते.

मग विद्यार्थी तिरकस गुणाकाराकडे वळतो: लिहिलेल्या अंशाला ६ ने गुणा, छेदाला ५ ने गुणा, दोन्ही गुणाकार सारखे आले तर उत्तर बरोबर. १०/१२ आता मान्य होते. पण एखादे खट्याळ पोर ०/० लिहिते आणि पान त्यालाही ‘शाब्बास’ म्हणते, कारण दोन्हीकडे शून्यच येते. छेद शून्य का चालत नाही, हे वर्गात फळ्यावर सांगून झालेले असते. इथे ते एका अटीच्या रूपात लिहावे लागते. शिक्षकाला माहीत असलेले गणित यंत्राला किती काटेकोरपणे सांगावे लागते, हे इतक्या स्वच्छपणे दुसरीकडे क्वचितच कळते.

यानंतरचा टप्पा मला सर्वांत मोलाचा वाटतो. या गणितात मुले हमखास २/५ लिहितात. अंशात अंश मिळवला, छेदात छेद. गणित शिकवलेल्या कोणत्याही शिक्षकाला ही चूक पाठ असते. मग पानाने तिला नुसते ‘चूक’ का म्हणावे? कोडमध्ये आणखी एक अट घालता येते: उत्तर २/५ असेल तर विचारा, ‘अर्ध्यात आणखी काही मिळवले, तर बेरीज अर्ध्यापेक्षा कमी कशी आली?’ ही एक ओळ कोणत्या भाषेत लिहायची ते प्रोग्रॅमर सांगेल. ती लिहिलीच पाहिजे हे शिक्षक सांगेल. शैक्षणिक तंत्रज्ञानाच्या विद्यार्थ्याकडून अपेक्षा अशी की, या दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या डोक्यात असाव्यात.

ही अपेक्षा नवी नाही. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात १९६० मध्ये डोनाल्ड बिट्झर यांनी ‘प्लेटो’ ही संगणकावर शिकवण्याची यंत्रणा सुरू केली. पुढे त्याच दशकात पॉल टेन्झार यांनी तिच्यासाठी ‘ट्यूटर’ नावाची प्रोग्रॅमिंग भाषा तयार केली. टेन्झार प्राणिशास्त्राचे विद्यार्थी होते आणि ही भाषा धडे लिहिणाऱ्या शिक्षकांसाठी होती. तिच्यात बरोबर उत्तरासाठी एक आज्ञा होती आणि अपेक्षित चुकीच्या उत्तरासाठी वेगळी. कोणती चूक केल्यावर मुलाला काय सांगायचे, हे धडा लिहितानाच ठरवण्याची सोय भाषेतच होती. आजच्या कित्येक तयार प्रश्नमंजूषा वापरताना ही सोय कुठे आहे ते शोधावे लागते आणि बहुतेक जण शोधतही नाहीत.

वेबच्या काळातले उदाहरण ‘मूडल’चे. ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरात मार्टिन डूगियामास शिक्षणशास्त्रात संशोधन करत होते. विद्यापीठात वापरात असलेल्या विकतच्या प्रणालीवर त्यांचे समाधान नव्हते. त्यांना संगणकशास्त्राची पार्श्वभूमी होती, हे खरे. पण शिकणाऱ्यांनी एकमेकांशी बोलत शिकावे हा शिक्षणातला विचार त्यांना सॉफ्टवेअरमध्ये उतरवायचा होता. २००२ मध्ये पीएचपीत लिहिलेली मूडलची पहिली आवृत्ती आली. तिचा कोड सर्वांना खुला आहे. आपल्याकडची अनेक महाविद्यालये आज तीच वापरतात.

मग हे शिकवायचे कसे? संगणकशास्त्राचा अभ्यासक्रम अर्धा कापून इथे चिकटवण्याची सवय मोडली पाहिजे. टॅगची यादी, सीएसएसचे गुणधर्म, चलांचे प्रकार, मग लूप, असे महिने जातात आणि शिकवण्याजोगी एकही वस्तू तयार होत नाही. एचटीएमएल आणि सीएसएस कामापुरते उरकावे आणि लवकर जावास्क्रिप्टवर यावे. वर सांगितलेला एकच प्रश्न नीट करायला लावला तर चल, अट, फंक्शन आणि एरर शोधणे ओघाने येते. नवख्यांसाठी आणखी एक चांगली पद्धत आहे. न्यूझीलंडमधल्या डेल पार्सन्स आणि पॅट्रिशिया हेडन यांनी २००६ मध्ये मांडलेल्या कोड्यांत कोडच्या ओळी उलटसुलट करून देतात आणि त्या क्रमाने लावायच्या असतात. स्वल्पविराम नि कंसांच्या धास्तीशिवाय विचाराचा क्रम पक्का होतो. वयाच्या तिशीत पहिल्यांदा कोड पाहणाऱ्या शिक्षिकेला याचा मोठा आधार वाटतो.

सर्व्हर आणि डेटाबेस नंतर. तिथे प्रश्न बदलतो: मुलाचा कोणता प्रयत्न नोंदवायचा, किती दिवस ठेवायचा, कुणाला दाखवायचा? २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची तरतूद आहे. डेटाबेसचे कोष्टक आखण्यापूर्वीच हा विचार व्हायला हवा.

मराठीतून साहित्य करणाऱ्याने एक छोटी गोष्ट पहिल्या दिवसापासून पाळावी. पानाच्या सुरुवातीला भाषेच्या जागी मराठीची खूण लिहावी. फाँटमध्ये सोय असेल तर एवढ्याने ‘ल’ आणि ‘श’ ही अक्षरे हिंदी वळणाऐवजी मराठी वळणाने उमटतात. राज्य शासनाने २००९ च्या निर्णयात जे वळण प्रमाण मानले आणि पहिलीच्या मुलाला जे गिरवायला दिले जाते, तेच पडद्यावर दिसते. दृष्टिहीन मुलासाठी पान वाचून दाखवणारे सॉफ्टवेअरही मजकूर कोणत्या भाषेत वाचायचा हे त्याच खुणेवरून ठरवते.

हल्ली कोड एआयकडून आयता मिळतो, मग शिकायचे कशाला, असेही विचारले जाते. अपूर्णांकाच्या त्या पानाचा कोड एआय क्षणात देईल. पण ०/० चे काय झाले, २/५ ला काय उत्तर गेले, हे तपासायला तो कोड वाचता यावा लागतो. म्हणून निदान पहिले काही आठवडे विद्यार्थ्याने स्वतः लिहावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

एकाच कंपनीच्या साधनावर विसंबण्याचा फटकाही आपण पाहिला आहे. ३१ डिसेंबर २०२० ला ॲडोबीने फ्लॅशचा आधार काढून घेतला आणि फ्लॅशमध्ये केलेले शैक्षणिक साहित्य ब्राउझरमध्ये उघडेनासे झाले. कोलोरॅडो विद्यापीठाच्या ‘फेट’ प्रकल्पाने मात्र विज्ञानाचे आपले प्रयोग एचटीएमएल ५ मध्ये नव्याने लिहायला घेतले. ते आजही चालतात, त्यांतले काही मराठीतही आहेत.

विभागांना एकच विनंती. या विषयाची परीक्षा कागदावर कोड लिहून घेऊ नका. विद्यार्थ्याचे पान जवळच्या शाळेतल्या पाच मुलांपुढे ठेवा, त्यांची उत्तरे नोंदवा आणि ती पाहून विद्यार्थ्याने कोडमध्ये काय बदलले, त्यावर गुण द्या.