मराठीतील रुग्णपुस्तिका : गैरसमज आणि वस्तुस्थिती

ज्याला कोल्हापूरकर आजही ‘थोरला दवाखाना’ म्हणतात त्या छत्रपती प्रमिलाराजे सर्वोपचार रुग्णालयात राधानगरी-गगनबावड्याहून आलेला नातलग केसपेपरवरील रोगाचे नाव मोबाईलवर शोधू लागला, तर त्यात आता नवल उरलेले नाही. मुंबईच्या ‘जासकॅप’ संस्थेने ब्रिटनमधील ‘कॅन्सरबॅकअप’च्या अनुमतीने कर्करोगावरील पुस्तिका मराठीत आणून इंटरनेटवर विनामूल्य ठेवल्या आहेत, परंतु अशा ग्रंथसंग्रहांचा उपयोग जसजसा वाढतो, तसतसे त्यांविषयीचे गैरसमजही वाढतात.

गैरसमज : ही सोय इंग्रजी न जाणणाऱ्यांपुरती आहे.

वस्तुस्थिती : इंग्रजी दप्तर सांभाळण्यात ज्याची हयात गेली असा निवृत्त हेडक्लार्कही गंभीर निदान कानी पडताच विचार करतो तो मातृभाषेतच. शिवाय राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने २०१८ मध्ये तयार केलेल्या रुग्णहक्क सनदेत, आजार व उपचार यांची माहिती रुग्णाला समजेल अशा भाषेत मिळणे हा हक्क मानला आहे; ती कोणाची मेहेरबानी नव्हे.

गैरसमज : पुस्तिका वाचली की डॉक्टरांना विचारण्याचे कारण राहत नाही.

वस्तुस्थिती : अनेक केमोथेरपी औषधांनंतर सुमारे ७ ते १४ दिवसांनी रक्तातील पांढऱ्या पेशी सर्वांत कमी होतात आणि त्या अवधीत १००.४ अंश फॅरनहाइट वा अधिक ताप आल्यास सकाळची वाट न पाहता रुग्णालयाला कळवावे, इतके पुस्तिका सांगू शकते. परंतु समोरच्या रुग्णाचा मधुमेह, मूत्रपिंडांची अवस्था आणि चालू औषधे तिला ठाऊक नसल्यामुळे मात्रा ठरविण्याचा अधिकार तिच्याकडे जात नाही.

गैरसमज : मोबाईलवरील यांत्रिक भाषांतरानेही तेच काम होते.

वस्तुस्थिती : काळजीपूर्वक अनुवादाचा शिरस्ता असा, की एकाने केलेला अनुवाद दुसऱ्याने मूळ न पाहता पुन्हा मूळ भाषेत आणावयाचा, जाणत्या वैद्यकाने दोन्ही ताडून पाहावयाचे आणि अखेरीस तो सामान्य वाचकाला कळतो की नाही याची परीक्षा घ्यावयाची. यंत्राची वाक्ये ओघवती असतात, म्हणूनच त्यांतून गळालेला एखादा नकार सहजी ध्यानात येत नाही.

गैरसमज : अनुवाद बिनचूक असला की मजकूर येथे जसाच्या तसा लागू पडतो.

वस्तुस्थिती : अमेरिकी पत्रकातील ‘असिटामिनोफेन’ म्हणजे आपले पॅरासिटामॉल, तेथील रुग्णवाहिकेचा क्रमांक ९११, आपला १०८, आणि खर्चाची तजवीज करणारी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना तर परदेशी मजकुरात असणारच नाही. प्रकाशकाबरोबर आवृत्तीचे सालही पाहावे, कारण खुद्द कॅन्सरबॅकअप २००८ मध्ये ‘मॅकमिलन’ संस्थेत विलीन झाली आणि उपचारपद्धती तेव्हापासून पुष्कळ बदलल्या आहेत.

गैरसमज : वाचून प्रश्न विचारणे म्हणजे डॉक्टरांवर अविश्वास दाखविणे.

वस्तुस्थिती : उपचाराचे स्वरूप, धोके आणि पर्याय पुरेसे समजावून घेतलेलीच संमती खरी, असे सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये समीरा कोहली प्रकरणात स्पष्ट केले आहे. म्हणून पुस्तिका वाचताना पडलेले प्रश्न कागदावर उतरवून ते तपासणीच्या वेळी निःसंकोच मांडावेत. संमतिपत्राचा मजकूर ज्याला उमगला आहे, त्याच्याच सहीला अर्थ असतो.