दुपटीचे गणित

मुंबईच्या गिरगाव भागात फणसवाडी नावाची एक जुनी वस्ती आहे. अरुंद रस्ते, दुतर्फा चाळी व इमारती, दुकानांची दाटी आणि व्यंकटेशाचे मंदिर असे तिचे आजचे रूप आहे. फणसाचे झाड मात्र तेथे शोधावे लागेल. जवळपासच्या वस्त्यांची नावेही अशीच आहेत: केळेवाडी, आंबेवाडी, कांदेवाडी, मुगभाट. एके काळी हा सारा भाग बागांचा व मळ्यांचा होता, याची साक्ष ही नावे देतात. बाग म्हटली की पाणी आले आणि पाणी म्हटले की विहीर आली. वाडीतल्या माणसांची तहान भागवून ती विहीर झाडांनाही पाणी पुरवीत असे.

आज याच फणसवाडीत नळाला येणारे पाणी दूरच्या डोंगरांतून, कित्येक किलोमीटरांचा प्रवास करून येते. वाडीची विहीर का पुरली नाही? या प्रश्नाचे उत्तर इतिहासात आहेच; पण त्याआधी ते एका लहानशा गणितात शोधावे लागते.

अशी कल्पना करा की, एका वाडीतल्या विहिरीत एक हजार तेवीस हंडे पाणी आहे व त्यात नवे पाणी झिरपत नाही. पहिल्या दिवशी वाडीकरांना एकच हंडा पाणी लागले. दुसऱ्या दिवशी दोन हंडे लागले, तिसऱ्या दिवशी चार, चौथ्या दिवशी आठ. अशा रीतीने रोजची गरज आदल्या दिवसाच्या दुप्पट होत गेली. पाचव्या दिवसाच्या अखेरीस एकूण एकतीस हंडे उपसले गेले. एवढ्याने विहिरीचे पाणी खाली गेले आहे, हे पाहणाऱ्याच्या लक्षातही येणार नाही. नवव्या दिवसाच्या संध्याकाळी कोणी विहिरीत डोकावले, तर त्याला निम्म्याहून किंचित अधिक पाणी दिसेल. "नऊ दिवस झाले, तरी निम्मी विहीर भरलेली आहे, अजून नऊ दिवसांची तरी चिंता नाही," असे तो म्हणेल. परंतु दहाव्या दिवशी पाचशे बारा हंडे लागतील आणि त्याच संध्याकाळी विहिरीचा तळ दिसेल!

आता असे समजा की, वाडीकरांचे नशीब थोर म्हणून त्यांना तेवढ्याच मोठ्या आणखी तीन विहिरी सापडल्या. एक विहीर दहा दिवस पुरली, म्हणजे तीन विहिरी तीस दिवस पुरतील, असे कोणालाही वाटेल. पण अकराव्या दिवशी एक हजार चोवीस हंडे हवेत आणि बाराव्या दिवशी दोन हजार अठ्ठेचाळीस. या दोनच दिवसांत तिन्ही विहिरी कोरड्या पडतील. उलट तीन हंडे कमीच पडतील.

रोज ठरावीक भर पडत जाते, ती साधी वाढ. एखादा मुलगा रोज एक रुपया डब्यात टाकतो, तेव्हा त्याची शिल्लक अशा रीतीने वाढते. परंतु जेथे झालेल्या वाढीवरही पुन्हा वाढ होते, तिला चक्रवाढ म्हणतात. सावकाराचे चक्रवाढ व्याज असेच फुगत जाते. ही वाढ आरंभी इतकी हळू असते की, तिची कोणी दखल घेत नाही. आणि शेवटी इतकी वेगवान होते की, सावरण्यास अवधी उरत नाही.

हेच गणित लोकांना समजावून सांगण्यासाठी एका प्राध्यापकाने आपल्या आयुष्याची अनेक वर्षे वेचली. अल्बर्ट बार्टलेट हे अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकवीत असत. अंकगणित, लोकसंख्या आणि ऊर्जा या विषयावरील आपले व्याख्यान त्यांनी 1969 मध्ये प्रथम दिले. त्यानंतर 2013 मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत, शाळांत, विद्यापीठांत व नागरिकांच्या सभांत मिळून त्यांनी ते सतराशेहून अधिक वेळा दिले. एकच व्याख्यान इतक्या वेळा का द्यावे? चक्रवाढ माणसाच्या ध्यानात सहजासहजी येत नाही आणि त्यामुळे मोठाली संकटे ओढवतात, असे त्यांचे ठाम मत होते.

त्यांच्या व्याख्यानात एक सोपे सूत्र होते. एखादी गोष्ट दर वर्षी शेकडा जितकी वाढते, त्या अंकाने सत्तरला भागावे. जे उत्तर येईल, सुमारे तितक्या वर्षांत ती गोष्ट दुप्पट होते. शेकडा साडेतीन ही वाढ किती क्षुल्लक वाटते! परंतु सत्तरला साडेतीनने भागले की वीस येतात, म्हणजे वीस वर्षांत दुप्पट. चाळीस वर्षांत चौपट, आणि साठ वर्षांत आठपट.

आता मुंबईकडे वळू. प्रारंभी शहराची तहान विहिरी व तलाव यांवर भागत असे. फणसवाडीपासून जवळच कावसजी पटेल टँक व धोबीतलाव ही ठिकाणे आहेत. आज तेथे तलाव नाहीत, केवळ नावे उरली आहेत. धोबीतलावाजवळचा तलाव फ्रामजी कावसजी या दानशूर पारशी गृहस्थांनी 1831 मध्ये स्वखर्चाने पुन्हा बांधून घेतला होता. पुढे शहर वाढू लागले. 1853 मध्ये बोरीबंदर ते ठाणे अशी आगगाडी सुरू झाली. त्याच दशकात कापडाची पहिली गिरणीही उभी राहिली. माणसांची रीघ लागली आणि विहिरी व तलाव अपुरे पडू लागले.

तेव्हा साष्टी बेटावर मिठी नदीला बांध घालून विहार तलाव बांधण्यात आला. तो 1860 मध्ये पूर्ण झाला. परंतु काही वर्षांतच तेही पाणी पुरेना, म्हणून 1879 मध्ये तुळशी तलाव तयार झाला. तोही पुरेना, म्हणून 1892 मध्ये शहापूरच्या डोंगराळ भागातून तानसा तलावाचे पाणी आणण्यात आले. विसाव्या शतकाच्या आरंभी हिवताप पसरविणाऱ्या डासांमुळे शहरातील पुष्कळ विहिरी बुजविण्यात किंवा झाकण्यात आल्या आणि लोक सर्वस्वी नळावर अवलंबून राहू लागले. 1957 मध्ये वैतरणा नदीवर मोठे धरण झाले. ते बांधण्यात पुढाकार घेणारे महापालिकेचे अभियंता मोडक यांच्या नावावरून त्याच्या जलाशयाला मोडक सागर म्हणतात. पुढे ऊर्ध्व वैतरणा झाले, भातसा झाले आणि 2014 मध्ये मध्य वैतरणा झाले. अशा सात तलावांतून आज मुंबईला दररोज सुमारे 385 कोटी लिटर पाणी मिळते. तरीही मागणी त्याहून अधिकच आहे.

या प्रत्येक तलावाच्या वेळी नवी विहीर सापडल्याचा आनंद झाला असेल. पण दुसऱ्या बाजूने दुपटीचे गणित चालूच होते. जनगणनेचे आकडे पाहावेत. 1951 मध्ये मुंबईची लोकसंख्या सुमारे 30 लाख होती. 1971 मध्ये ती सुमारे 60 लाख झाली. वीस वर्षांत दुप्पट! म्हणजे शेकडा साडेतीन. हीच गती टिकली असती, तर 1991 मध्ये 1 कोटी 20 लाख आणि 2011 मध्ये 2 कोटी 40 लाख माणसे या शहरात राहिली असती. प्रत्यक्षात तसे झाले नाही. पुढची दुप्पट होण्यास वीसऐवजी तीस वर्षे लागली, आणि 2011 मध्ये लोकसंख्या 1 कोटी 24 लाखांवर आली. ज्या जुन्या मुंबईत फणसवाडी आहे, त्या मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या तर 2001 ते 2011 या काळात सुमारे अडीच लाखांनी घटली.

वाढीचा वेग का मंदावला? जागा संपत आली, घरांच्या किमती भडकल्या, गिरण्या बंद पडल्या. गिरगावातील कित्येक कुटुंबे डोंबिवली, ठाणे, बोरिवली अशा ठिकाणी राहावयास गेली. परंतु माणसे गेली, म्हणून त्यांची तहान नाहीशी झाली नाही. ती त्यांच्याबरोबर गेली. आज मुंबईभोवतीची शहरे वाढत आहेत आणि त्यांनाही उल्हास, भातसा, सूर्या याच नद्यांचे पाणी हवे आहे. आणखी एक गोष्ट विसरता येत नाही. ज्या शहापूर तालुक्यात मुंबईला पाणी देणारी धरणे आहेत, त्याच तालुक्यातील अनेक गावपाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. धरणाच्या कुशीतल्या घरात हंडा रिकामा आणि शंभर किलोमीटरांवर नळ वाहता, हे दृश्य विचार करावयास लावणारे आहे. एकाच्या वाढत्या गरजेची किंमत दुसराच कोणी मोजत असतो.

तलाव दर पावसाळ्यात पुन्हा भरतात, हे खरे. परंतु ते जेवढे आहेत तेवढेच भरतात. शहर दुप्पट झाले, म्हणून पाऊस दुप्पट पडत नाही.

निसर्गात चक्रवाढीला सर्वत्र मर्यादा असते. एका मोठ्या फणसात शंभराहून अधिक आठळ्या सापडतात. शंभर आठळ्यांची शंभर झाडे झाली आणि प्रत्येकाने एकेकच फळ दिले, तरी पुढच्या पिढीत दहा हजार आणि त्याच्या पुढच्या पिढीत दहा लाख झाडे होतील! पण तसे कधी घडत नाही. माती, पाणी आणि ऊन जेवढे असेल, तेवढीच झाडे जगतात. प्रत्येक झाडही ठरावीक उंचीपर्यंत वाढते आणि मग वाढण्याऐवजी फळे देण्यात आपली शक्ती खर्च करते.

झाडाला ही मर्यादा निसर्ग घालून देतो. माणसाला मात्र ती विचाराने ओळखावी लागते. गळके नळ दुरुस्त करणे, वापरलेले पाणी शुद्ध करून पुन्हा वापरणे, छपरावरचा पाऊस जमिनीत मुरविणे हे उपाय आवश्यक आहेतच. परंतु गरज दुपटीने वाढत राहिली, तर या उपायांनी वाचविलेले पाणीही त्या तीन नव्या विहिरींप्रमाणे थोडाच काळ पुरेल. म्हणून पाणी वाचविण्याबरोबर वाढत्या गरजेला आवर घालणेही तितकेच महत्त्वाचे आहे.

अंथरूण पाहून पाय पसरावे आणि तहान लागल्यावर विहीर खणू नये, असे आपल्या पूर्वजांनी सांगून ठेवले आहे. दुपटीचे गणित या दोन्ही म्हणींचा अर्थ स्पष्ट करते. निम्मी विहीर भरलेली दिसते, तेव्हाच जो सावध होतो, तोच वेळेवर सावध झाला असे म्हणावे. कारण चक्रवाढीच्या हिशेबात निम्मी विहीर म्हणजे केवळ एक दिवस.