विमानाची कडी

पेडणे तालुक्यातील मोपाच्या पठारावर ११ डिसेंबर २०२२ रोजी मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्घाटन झाले, आणि गोव्याच्या उत्तर टोकाला आकाशाची वाट खुली झाली. प्रवासी विमाने मोठमोठ्या कारखान्यांत घडतात. परंतु विमान घरच्या घरीही बांधता येते, हे कॅप्टन अमोल यादव यांनी दाखवून दिले. मुंबईत कांदिवली येथे इमारतीच्या गच्चीवर त्यांनी बांधलेले सहा आसनी विमान २०१६ साली ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात मांडले गेले, आणि २०१७ साली त्याची सरकारदरबारी नोंद झाली. जगभर असे हौशी विमानकार पुष्कळ आहेत. त्यांच्या लहान विमानांतील एका क्षुल्लक वाटणाऱ्या भागाकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. तो भाग म्हणजे कॅनपीची कडी.

कॅनपी म्हणजे वैमानिकाच्या डोक्यावरील पारदर्शक झाकण. वारा ते खाली दाबून धरत असेल, असे सहज वाटते. प्रत्यक्षात तो ते वर ओढतो. वादळात आपल्या घरांची कौले आत न दबता उडून जातात, त्याचेच हे कारण. फुगीर पृष्ठावरून वेगाने जाणाऱ्या हवेचा दाब कमी होतो व आतली हवा झाकण वर ढकलते. ताशी १५० किलोमीटर वेगाला वाऱ्याचा जोर दर चौरस मीटरला सुमारे १०८ किलो वजनाइतका असतो. वेग दुप्पट झाला की तो चौपट होतो. झाकणावरील ओढही त्याच प्रमाणात वाढते.

म्हणूनच ही कडी विचारपूर्वक घडवावी लागते. प्रत्येक झाकणाची बसण थोडी निराळी असते. यास्तव आधी पुठ्ठ्याचा नमुना कापून पाहावा, मग धातूला हात लावावा. ओढ वाढली की आकडा अधिक घट्ट बसावा. सर्व भार स्प्रिंगवर कधीही नसावा. मुख्य कडी निसटली तर झाकण अडविणारी दुसरी खिट्टी हवी. थरथरीने सैल न होणाऱ्या नट-बोल्टांनी ती जखडावी. कडी लागली की नाही, हे आसनावरून दिसावे. आणि अपघातसमयी मदतीस धावणाऱ्यास ती बाहेरूनही उघडता यावी.

एवढे करूनही झाकण उडालेच तर? अशा प्रसंगी पुष्कळदा उघडे झाकण जीव घेत नाही. ते ओढून घेण्याच्या धडपडीत सुटलेले विमानावरील लक्ष जीव घेते. प्रथम विमान सांभाळावे, सावकाश उतरावे, कडी मग पाहावी.

डिचोली तालुक्यातील कासारपाल या गावाच्या नावातच धातूचे काम करणाऱ्या कारागिरांची आठवण आहे. समई असो वा विमान, सांधा नीट बसला पाहिजे, हा त्या हातांचा जुनाच नेम. आपल्या घरातील एखादे मूल उद्या विमान बांधू म्हणेल, तर त्याला हसू नये. आधी एक कडी नीट घडवावयास सांगावे.