सात मिनिटांची पवना

1891 मध्ये क्लोद मोने फ्रान्समधल्या एप्त नदीत नाव लावून काठावरचे पॉप्लर वृक्ष रंगवत होता. लिलाव होऊन ती झाडं तुटणार होती. त्यानं लाकूडव्यापाऱ्याला पैसे मोजले, तोड लांबवली आणि 24 चित्रं पुरी केली. त्याची शेजारीण, अमेरिकी चित्रकर्ती लिला कॅबट पेरी, हिनं नोंदवलंय की त्यातल्या एका चित्रातला प्रकाश फक्त सात मिनिटं टिकायचा. एका ठरावीक पानावरून ऊन सरकलं की मोने तो कॅनव्हास बाजूला ठेवून दुसरा घेई.

सात मिनिटं केवढी असतात, हे पिंपरी-चिंचवडमधल्या रावेतला पवना नदीच्या काठावर बसून मोजावं.

इथल्या बंधाऱ्यातून पिंपरी-चिंचवडसाठी दिवसाला जवळपास 50 कोटी लिटर पाणी उपसतात. म्हणजे सात मिनिटांत सुमारे 24 लाख लिटर, दहा हजारी 240 टँकर. पहिला फटकारा मारताना समोर असलेल्या पाण्यातलं कितीतरी पाणी चित्र होईतो शहराच्या नळांकडे निघालेलं असतं.

तेवढ्यात सूर्य पावणेदोन अंश सरकतो, आपल्या बिंबाच्या तिपटीहून जास्त. खरं तर सरकतं रावेत, पृथ्वीच्या आसाभोवती सुमारे 185 किलोमीटर. आणि पृथ्वी सूर्याभोवती साडेबारा हजार किलोमीटर पुढे गेलेली असते, जवळजवळ तिच्या स्वतःच्या व्यासाइतकी.

प्रकाशाचा हिशेब मला सगळ्यांत विलक्षण वाटतो. सूर्यापासून इथवर यायला त्याला सुमारे 8 मिनिटं 20 सेकंद लागतात. म्हणून सातव्या मिनिटाच्या शेवटी नदीवरच्या बास्केट ब्रिजच्या कमानीवर पडणारा किरण, चित्रकारानं ब्रश उचलला त्याच्याही 80 सेकंद आधी सूर्यावरून निघालेला असतो. चित्राला लागणारा सगळा प्रकाश सुरुवातीलाच वाटेत असतो! आणि तो किती? लख्ख दुपारी एका चौरस सेंटिमीटर पाण्यावर, म्हणजे नखाएवढ्या जागेवर, दर सेकंदाला दृश्य प्रकाशाचे एकावर सतरा शून्यं इतके कण आदळतात. त्यांच्यासमोर चित्रकाराकडे पॅलेटवरचे मोजके रंग.

कोल्हापुरात मोनेचे समकालीन चित्रकार आबालाल रहिमान पाण्याकाठचा हाच प्रकाश टिपत होते. पवनेकाठीही कुणीतरी असं बसावं, अशी माझी फार इच्छा आहे.

मावळतीचं चित्र काढायला बसणाऱ्यानं महिना मात्र जपून निवडावा. रावेतला मावळतीची जागा वर्षभरात सुमारे 50 अंश हलते. मार्चमध्ये ती रोज बिंबाच्या जवळपास पाऊणपट सरकते, त्यामुळे आजचं अर्धं चित्र उद्या पुढे नेणं अवघड. जूनमध्ये ती थबकते, पण तेव्हा आभाळ भरून येतं. डिसेंबरच्या उत्तरार्धात हवा कोरडी असते आणि आठवडाभर सूर्य जवळजवळ एकाच ठिकाणी मावळतो.