टोचल्यावर येणारा ताप

बाळ दीड महिन्याचं झालं की त्याची उपकेंद्रावरची पहिली मोठी फेरी होते. सकाळी हसतंखेळतं नेलेलं लेकरू संध्याकाळी किरकिर करू लागतं, रात्री अंग तापतं, मांडीला हात लावू देत नाही. घरातली आजी म्हणते, "चांगलं लेकरू होतं, टोचून आणलं आन् आजारी पाडलं." मग अडीच महिन्यांची पाळी येते तेव्हा कुणीतरी म्हणतं, या खेपेला राहू द्या. आणि राहिलं ते राहूनच जातं.

आजीबाईंना अडाणी ठरवून गप्प बसवणे सोपे आहे, पण त्यांनी पाहिले ते खोटे नाही. तो ताप बहुतेक वेळा टोचल्यानेच आलेला असतो. हे आधी सरळ मान्य केले पाहिजे. "काही होत नाही हो" असे सांगून टोचले आणि रात्री बाळ तापले, की सांगणाऱ्यावरचा विश्वास उडतो तो पुन्हा बसत नाही. सभासद बंधू-भगिनींनी हा ताप काय आहे, किती दिवसांचा आहे आणि कशाला खरोखर घाबरावे, हे नीट समजून घ्यावे म्हणून हा लेख.

दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना मांडीत जी पंचगुणी लस देतात तिच्यात घटसर्प, धनुर्वात, डांग्या खोकला, कावीळ ब आणि मेंदूज्वर-न्यूमोनिया करणारा हिब नावाचा जंतू, अशा पाच रोगांवरचा बंदोबस्त एकत्र असतो. (जनावरांच्या घटसर्पाशी याचा संबंध नाही, नाव एक, रोग वेगळा.) यातला ताप आणणारा मुख्य घटक डांग्या खोकल्याचा. त्यात रोगाचे जंतू मारून अख्खेच्या अख्खे घातलेले असतात. मेलेले जंतू रोग करू शकत नाहीत, पण शरीर त्यांना परका म्हणून ओळखते आणि लढायला उठते. त्या उठण्याचीच धग म्हणजे हा ताप. आरोग्य खात्याच्या मार्गदर्शिकांत यासाठी निम्म्यापर्यंत मुले धरलेली आहेत. म्हणजे दहा बाळे टोचली तर त्यातली चार-पाच तापणार, मांडी लाल होणार, सुजणार, हे धरूनच चालायचे. ताप बहुधा पहिल्या चोवीस तासांत येतो आणि दोन दिवसांत उतरतो. शेजारणीचे बाळ तापले आणि आपले तापले नाही, तर आपल्याला लस लागली नाही असेही समजू नये.

गोठ्यातला अनुभव आठवून पाहा. २०२२ साली लंपी आली तेव्हा शेळ्यांच्या देवीची लस आपण गायीबैलांना टोचून घेतली. लाळ्या-खुरकूताची लस तर नेहमीचीच. टोचल्यावर एखाद्या जनावराला गाठ येते, दुभती गाय एक-दोन दिवस दूध कमी करते, हे आपल्याला ठाऊक असते. तरी त्यावरून पुढच्या वर्षी कुणी गाय लपवून ठेवत नाही. पोटच्या लेकराबाबत जीव अधिक तुटतो, हे साहजिकच आहे. पण हिशेब तोच आहे.

सगळ्या लसी मात्र एकसारख्या वागत नाहीत. जन्मल्यावर डाव्या दंडात देतात ती बी.सी.जी. क्षयरोगाची. तिला ताप नाही, पण दोन-चार आठवड्यांनी तिथे फोड येतो, फुटतो, पाझरतो आणि दोन-तीन महिन्यांत खूण ठेवून वाळतो. जवळजवळ सर्वच बाळांना हे होते. त्यावर हळद, राख, तेल, मलम काहीही लावू नये. नुसते स्वच्छ ठेवावे. काखेत मोठी गाठ आली तर मात्र दाखवावे. नऊ महिन्यांनंतरच्या गोवर-रुबेलाच्या लसीची तऱ्हा आणखी निराळी. तिच्यात जिवंत पण दुबळे केलेले विषाणू असतात. त्यांना अंगात वाढायला वेळ लागतो, म्हणून ताप किंवा बारीक पुरळ सहाव्या ते बाराव्या दिवसाच्या आसपास येतो, तोही शंभरातल्या पाच ते पंधरा मुलांना. इतक्या दिवसांनी आलेला ताप पाहून घरचे गोंधळतात. तारीख कार्डावर असते, ती मोजून पाहावी.

ताप आला तर बाळाला गुंडाळून ठेवू नये, कपडे सैल करावेत, अंगावर पाजत राहावे. पॅरासिटामॉल चालते, पण किती द्यायचे ते बाळाच्या वजनावर ठरते आणि थेंबांची बाटली व पातळ औषधाची बाटली यांची ताकद सारखी नसते. म्हणून प्रमाण सिस्टरांकडून विचारून घ्यावे. ॲस्पिरिन लहान मुलांना देऊ नये. टोचलेली जागा चोळू नये. साधी सर्दी किंवा थोडी कणकण आहे म्हणून पाळी चुकवायचीही गरज नसते. बाळ खरेच आजारी असेल तर तिथले डॉक्टर ठरवतील.

आता घाबरण्याजोगे काय, तेही स्वच्छ सांगितले पाहिजे. टोचल्यावर अर्धा तास तिथेच बसायला सांगतात, त्याला कारण आहे. फार क्वचित, गोवराच्या लसीत सांगायचे तर दहा लाख मात्रांत एखादे वेळी, तीव्र ॲलर्जी होते. चेहरा-ओठ सुजतात, धाप लागते, अंगावर गांधी उठतात, बाळ गळून जाते. ही गोष्ट बहुधा काही मिनिटांतच होते आणि वेळीच ॲड्रेनॅलिनचे इंजेक्शन मिळाले तर बाळ वाचते. ऊस वाहायला ट्रॅक्टर थांबलाय म्हणून घाईने निघणाऱ्या बापाने हे ध्यानात घ्यावे. घरी आल्यावर बाळाला आकडी आली, तीन तासांहून अधिक सारखे रडत राहिले, पांढरेफटक पडून हातपाय टाकले, किंवा ताप दोन दिवसांपुढे गेला, तर वाट पाहू नये. १०८ ची गाडी बोलवावी, प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे किंवा अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालयात न्यावे. आकडीत बाळाला कुशीवर ठेवावे. तोंडात चमचा घालू नये, कांदा-चप्पल हुंगवू नये. तापाने आलेली आकडी पाहणाऱ्याचा प्राण कंठाशी आणते, पण बहुतेक वेळा मागे काही इजा ठेवत नाही. पुढच्या पाळीत डांग्या खोकल्याचा घटक वगळायचा का, हे मात्र डॉक्टरांनीच ठरवायचे असते. म्हणून झालेला त्रास पुढच्या वेळी लपवू नये.

भीतीपोटी लस सोडली तर काय होते, याचा हिशेब दुसऱ्या देशाने पैसे मोजून करून ठेवला आहे. जपानात १९७४ साली डांग्या खोकल्याचे रुग्ण चारशेच्या आत होते आणि मृत्यू एकही नव्हता. त्या हिवाळ्यात लस घेतल्यावर दोन बाळे दगावली, गवगवा झाला आणि १९७५ साली सरकारने लस काही काळ थांबवली. पुन्हा सुरू केली तरी लोक फिरकेनात. शंभरातल्या ऐंशी मुलांवरून आकडा दहावर आला. १९७९ साली तेरा हजारांवर मुले आजारी पडली आणि ४१ मेली. इंग्लंडमध्येही त्याच काळात असेच झाले. तिथेही मोठ्या साथी आल्या. डांग्या खोकला हा सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला सर्वांत घातक. खोकून खोकून श्वास घ्यायला फुरसत मिळत नाही. म्हणूनच या लसीच्या पाळ्या दीड महिन्यापासून लागतात, आणि एक घेऊन थांबले तर पुरते संरक्षण मिळत नाही.

जपानने या अनुभवातूनच १९८१ पासून जंतूचे निवडक तुकडे घेऊन केलेली नवी लस वापरात आणली. आपल्याकडे खाजगी दवाखान्यात "दुखणारी देऊ की न दुखणारी?" असे विचारतात, ती न दुखणारी ती हीच. ताप कमी येतो हे खरे. पण तिचा जोर लवकर ओसरतो, हेही आता पुष्कळ देशांत दिसून आले आहे. तेव्हा उपकेंद्रावरची फुकट मिळते म्हणून हलकी, असा समज असेल तर काढून टाकावा. आमच्या मते सुरुवातीच्या तीन पाळ्यांना एका रात्रीचा ताप सोसून जुनी घेणेच शहाणपणाचे.

कधी लसीत दोष नसतो, हाताळणाऱ्याच्या हातून चूक होते. मुंबईत प्लेगची लस तयार करून १८९७ च्या जानेवारीत ती प्रथम स्वतःला टोचून घेणारे डॉ. हाफकिन यांच्यावर हा प्रसंग गुदरला. १९०२ साली पंजाबातल्या मुलकोवाल गावी एकाच बाटलीतून टोचलेली १९ माणसे धनुर्वाताने गेली. दोष मुंबईच्या प्रयोगशाळेवर आला आणि हाफकिनांना काम सोडावे लागले. बाटली गावात उघडताना जमिनीवर पडलेला चिमटा नीट निर्जंतुक केला नव्हता, हे पुढे पुराव्यात आले आणि १९०७ साली ते दोषमुक्त झाले. परळची ती संस्था आज त्यांचेच नाव लावते. अलीकडचे पाहायचे तर ३१ जानेवारी २०२१ रोजी यवतमाळ जिल्ह्यात घाटंजी तालुक्यातील एका गावी बारा मुलांना पोलिओच्या थेंबांऐवजी सॅनिटायझर पाजले गेले. मुले बचावली, संबंधितांवर कारवाई झाली. अशा चुका होतात, म्हणून आईबापांनी डोळे उघडे ठेवावेत; विचारण्यात संकोच कसला? बाटलीवर रंगीत गोल ठिपका आणि त्यात फिका चौकोन असतो. चौकोन गोलाहून फिका आहे तोवर लस चालते; दोन्ही एका रंगाचे झाले की बाटली बाद. बी.सी.जी. आणि गोवर-रुबेलाची पूड पाण्यात मिसळल्यावर चार तासांत संपवायची किंवा टाकायची असते. सुई प्रत्येक बाळाला नवी. आणि गंभीर काही घडले तर ते नोंदवून जिल्हा समितीकडून चौकशी करून घेण्याची पद्धत सरकारने घालून दिली आहे. तोंडी तक्रार करून घरी बसू नये, नोंद करवून घ्यावी.

काही वेळा मात्र लस आणि आजार यांची नुसती गाठ पडलेली असते. २०२० च्या नमुना नोंदणीप्रमाणे महाराष्ट्रात जन्मणाऱ्या दर हजार बाळांमागे १६ बाळे वर्षाच्या आत दगावली. पहिल्या वर्षात बाळ पाच वेळा तरी टोचणीला जाते. तेव्हा एखादे दुखणे टोचल्याच्या आगेमागे येणारच. पाणी सोडलं त्याच रात्री गारा झाल्या तर पाण्यानं ऊस झोडपला असं आपण म्हणत नाही. तपासणीशिवाय लसीला निर्दोषही म्हणू नये आणि दोषीही. गोवराच्या लसीने मुले मंद होतात, स्वमग्न होतात, असे जे संदेश मोबाईलवर फिरतात, त्यांचे मूळ १९९८ साली लंडनच्या एका साप्ताहिकात आलेल्या अवघ्या बारा मुलांवरच्या लेखात आहे. तो लेख त्याच साप्ताहिकाने २०१० साली मागे घेतला. मोबाईलवर तो अजून फिरतोच आहे.

इकडे गोवर मात्र खराखुरा आहे. २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडी भागात साथ आली, मुले दगावली. लस न घेतलेली मुले त्यात पुष्कळ होती. दाटीची वस्ती, कामासाठी आलेली माणसे, अर्धवट राहिलेली कार्डे. हे वर्णन आपल्याकडच्या टोळ्यांनाही लागू पडते. बीड जिल्ह्यातील लाखो माणसे दसरा-दिवाळीला कोयता घेऊन घर सोडतात. भाद्रपदात जन्मलेल्या बाळाच्या तिन्ही मोठ्या पाळ्या फडातच येतात. त्यात कोपीवर रात्री ताप आला तर जवळ ना डॉक्टर ना आजी, म्हणून आई टोचून घ्यायलाच भिते. तिची भीती आपल्या घरच्या भीतीपेक्षा खरी आहे.

म्हणून ज्या सभासदाच्या शेतात टोळी उतरते त्याने मुकादमाला एवढे विचारावे, की दोन वर्षांच्या आतली लेकरे किती आणि कार्डे बरोबर आणली का. सरकारी लस कुठल्याही गावात, कुठल्याही जिल्ह्यातल्या बाळाला फुकट मिळते; रहिवासाचा दाखला लागत नाही. कार्ड हरवले असले तरी बाळाला परत पाठवत नाहीत, आणि पाळी चुकली तर पहिल्यापासून सुरुवात न करता राहिली तिथून पुढे देतात. टोळीतल्या लेकरांची संख्या गावच्या आशाताईंना कळवली, की त्या आपल्या यादीत धरतात. टोचून आणलेल्या दिवशी त्या आईला फडात न बोलवता कोपीवर राहू द्यावे, आणि रात्री गाडीची गरज पडली तर कुणाचा दरवाजा वाजवायचा, ते तिला संध्याकाळीच सांगून ठेवावे.