खोक्यावरचे वॅट, अडॅप्टरवरचे व्होल्ट

तळहाताएवढा अ‍ॅम्प्लिफायर आणि खोक्यावर ठळक अक्षरांत '१०० वॅट + १०० वॅट'. काही हजार रुपयांत मिळणाऱ्या अशा अ‍ॅम्पमध्ये पुष्कळदा टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची टीपीए३११६ ही चिप असते. चिप उत्तम आहे. पण ती बनवणारी कंपनी स्वतः २१ व्होल्टवर, ४ ओहमच्या स्पीकरला, दर चॅनलला ५० वॅट एवढंच सांगते, आणि तेही १० टक्के विकृती धरून. म्हणजे आवाज उघड फाटू लागल्यावरचा आकडा.

म्हणून खोकं बाजूला ठेवा आणि अडॅप्टर उलटा करून त्यावरचं लेबल वाचा. या चिपला स्पीकरकडे अडॅप्टरपेक्षा जास्त व्होल्ट पाठवता येत नाहीत, त्यामुळे हिशेब सोपा आहे: व्होल्टचा वर्ग करा आणि स्पीकरच्या ओहमच्या दुपटीने भागा. १२ व्होल्ट आणि ८ ओहम असतील तर १४४ भागिले १६, म्हणजे ९ वॅट. लॅपटॉपच्या १९ व्होल्टवर साडेबावीस, २४ व्होल्टवर ३६. प्रत्यक्षात याहून थोडे कमीच मिळतात. ४ ओहमच्या स्पीकरला कागदावर दुप्पट येतात खरे, पण तिथे अँपिअर आडवे येतात. २४ व्होल्ट, ३ अँपिअरचा अडॅप्टर मुळात ७२ वॅटच देतो, दोन्ही चॅनल मिळून.

यात निराश होण्यासारखं काही नाही. वॅट चौपट झाले तरी आवाज वाढतो फक्त ६ डेसिबल. ८६ डेसिबल संवेदनशीलतेचे साधे बुकशेल्फ स्पीकर १ वॅटमध्येच, मीटरभर अंतरावर, तेवढा आवाज देतात. दहा बाय बाराच्या खोलीत तो पुरून उरतो. उरलेले वॅट लागतात ते तबल्याच्या थापेसारख्या क्षणिक उसळीला. तेव्हा वॅटपेक्षा स्पीकरची संवेदनशीलता आधी पाहावी, असं माझं मत.

एवढ्याशा डबीत हे जमतं कारण ही चिप 'क्लास डी' पद्धतीने चालते. तिचे ट्रान्झिस्टर सेकंदाला लाखो वेळा पूर्ण चालू आणि पूर्ण बंद होतात, आणि संगीताच्या लहरीप्रमाणे चालू राहण्याचा काळ कमी-जास्त होतो. शेवटी कॉइल आणि कपॅसिटर ती उघडझाप गाळून स्पीकरला फक्त संगीत देतात. अर्धवट चालू राहून वीज जाळण्याचा प्रकार जवळपास नसल्याने मोठा हीटसिंक लागत नाही. गाळणी मात्र कंजूषपणे बनवलेली असू शकते. मीडियम वेव्हवर आकाशवाणी लावलेला ट्रान्झिस्टर शेजारी ठेवा. अ‍ॅम्प चालू करताच तो खरखरू लागला, तर उघडझापेचा काही भाग बाहेर सांडतोय.

आता कान. गाणं न लावता व्हॉल्यूम हळूहळू वाढवत ट्वीटरशी कान न्या. बारीक 'स्स्स' चालेल. बसायच्या जागेवरून ऐकू आला, तर रोज रात्री तोच ऐकाल. अ‍ॅम्पला जोडलेला लॅपटॉप चार्जिंगला लावून पाहा: घरघर सुरू झाली आणि चार्जर काढताच थांबली, तर दोष अर्थिंगच्या जोडणीत आहे, अ‍ॅम्पला बोल लावू नका. मग एखादं जुनं मोनो रेकॉर्डिंग अगदी हळू लावा. गायक मधोमध बसायला हवा. एका बाजूला सरकत असेल, तर व्हॉल्यूमच्या पॉटचे, म्हणजे बटणामागच्या पोटेन्शिओमीटरचे, डाव्या-उजव्या चॅनलचे दोन भाग जुळत नाहीत. स्वस्त अ‍ॅम्पमध्ये हे सर्रास आढळतं, आणि हळू ऐकणाऱ्याला सर्वाधिक त्रास त्याचाच. काही अ‍ॅम्पच्या डोक्यावर ट्यूब मिरवतात. त्यांच्या खालून येणारा नारिंगी उजेड बहुधा एलईडीचा असतो. त्यासाठी जास्त पैसे देऊ नयेत.

दोन अ‍ॅम्पची तुलना करताना आवाज सारखा ठेवा. किंचित मोठा वाजणारा नेहमीच चांगला वाटतो, आणि दुकानात नेमकं तेच होतं.

जोडताना एक पथ्य. या अ‍ॅम्पमध्ये स्पीकरच्या काळ्या टर्मिनललाही सिग्नल असतो. ते अर्थ नसतं. डाव्या-उजव्या काळ्या वायरी एकत्र जोडल्या, किंवा दोन्हींना एकच ग्राउंड देणारी हेडफोनची पिन लावली, तर चिप संरक्षणात जाऊन बंद पडते किंवा जळते. सबवूफर या टर्मिनलना जोडण्यातही हाच धोका असू शकतो, म्हणून पुढे तो घ्यायचा विचार असेल, तर वेगळं सबवूफर आउट असलेलं मॉडेलच निवडा.